थर्झाचं धुकं

स्केल्बीच्या उत्तर टोकाला, कड्यावर, एका रांगेत सहा पांढरी घरं आहेत आणि रांगेच्या शेवटी समुद्राकडे भलीमोठी खिडकी असलेली एक खोली. आता तिथं उन्हाळ्यात पाहुणे भाड्यानं राहतात, खिडकीत त्यांचे ओले टॉवेल वाळत असतात. आमच्या वेळी ती किनाऱ्याची चौकी होती आणि त्या घरांत राहणारे ते चौकीवाले. मागच्या वर्षी गावानं तिथं एक फलक लावला. चौकी कधी बांधली, कधी बंद झाली, किती जहाजांना मदत केली, सगळं आहे त्यावर. खोटं काहीच नाही. माझ्या बहिणीचं नाव मात्र नाही.

ती चौकी मुळात कुणाचा जीव वाचवायला बांधलीच नव्हती. आम्हाला पकडायला बांधली होती. हॉलंडहून येणारी जिन आणि तंबाखू आमचे लोक पुळणीवर चोरून उतरवायचे, म्हणून सरकारनं पहारा बसवला. पहारेकरी मुद्दाम लांबून आणायचे, केंटचे, कॉर्नवॉलचे, आयर्लंडचे. गावाशी ओळख नको, सोयरीक नको. पुढे चोरटा धंदा संपला, चौकी बुडणाऱ्यांना काढायला लागली, पण गावाचं मन काही बदललं नाही. माझ्या खापरपणजोबांना पिंपासकट पकडून आरमारात धाडलं होतं आणि ते परत आलेच नाहीत. ही गोष्ट बाबा अशी सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, गेल्या मंगळवारीच घडली.

अशा घरातली माझी थोरली बहीण थर्झा चौकीवाल्याच्या प्रेमात पडली.

विल्फ्रेड हॉगबेन केंटचा. उंच, हाडकुळा, बोलायला कमी. बाबा, म्हणजे मॅथ्यू कॅपलमन, त्यांची स्वतःची होडी. माझा भाऊ सायलस त्यांच्याबरोबर जायचा. थर्झानं घरी सांगितलं तेव्हा बाबा जाळं शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "समुद्रातले मासे संपले होते काय, की तू चौकीवर गळ टाकलास?"

लग्नाला ते आले नाहीत. आई आली, पण मागच्या बाकावर बसली आणि केक न खाता निघून गेली. सायलस मात्र पोटभर जेवला, विल्फच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता जिन आणली तर निदान तुझ्या स्वयंपाकघरातून नेता येईल." विल्फला ती थट्टा आहे हे कळायला जरा वेळ लागला.

दीड-दोन वर्षं गेली. बाबा जावयाशी बोलत नव्हते, पण होडी कड्याखालून जाताना चौकीच्या खिडकीकडे हात करायचे. तो हात थर्झासाठी असायचा. विल्फला वाटायचं, आपल्यासाठी आहे, आणि तोही आतून हात करायचा. थर्झानं त्याचा तो समज कधी मोडला नाही.

सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत ते झालं. सकाळी समुद्र शांत होता म्हणून तीन होड्या बाहेर पडल्या. दुपारच्या सुमाराला ईशान्येकडून लाट उठली आणि होड्या परतीला लागल्या. आमच्या बंदरात शिरायचं तर खडकांची एक सोंड समुद्रात गेलेली आहे, तिला वळसा घालून यावं लागतं. तिन्ही होड्या सोंडेच्या बाहेर असतानाच धुकं चालून आलं. आमच्याकडे ते असंच येतं, भिंतीसारखं. विल्फ खिडकीशी पहाऱ्यावर होता. त्याला काही दिसेना. धुकं फाटलं तेव्हा दोनच होड्या होत्या, बाबांची नव्हती.

त्यानं लगेच दोन बार उडवले. बार ऐकू आले की बचावाची नाव सोडायची, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक. मी तेव्हा बेकरीत कामाला होते, वीस वर्षांची. बार ऐकले आणि हातातला ट्रे तसाच ठेवून धावले. थर्झाही कड्यावरून उतरून आली होती. आम्ही दोघी आणि आई धक्क्यावर उभ्या राहिलो. अंधार पडायच्या आत बाबांचा देह सापडला. सायलस कधीच सापडला नाही.

चौकशी मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये झाली. सगळं गाव आलं होतं. आई आणि मी डाव्या हाताला बसलो, चौकीची माणसं उजव्या हाताला. थर्झा आत आली आणि क्षणभर मधल्या वाटेत उभी राहिली. मग दाराजवळ एक सुटी खुर्ची होती, तिच्यावर जाऊन बसली.

चौकशी करणाऱ्या साहेबांनी विल्फला विचारलं, की धुकं उतरलं तेव्हाच बार का नाही उडवले.

विल्फ म्हणाला, "मी थांबलो, सर."

"का?"

"धुक्यात बार ऐकला असता तर त्यांना वाटलं असतं, आपल्या मागे कुणीतरी संकटात आहे. ते वळले असते. आणि मॅथ्यू कॅपलमनना ती वाट माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती."

"मग तुमचं चुकलं, असं आज वाटतं का?"

"माहीत नाही, सर," विल्फ म्हणाला.

साहेबांनी निकाल दिला, की अपघात, कुणाचा दोष नाही. गावानं दुसरा निकाल दिला. 'थांबलो' हा एक शब्द लोकांनी उचलला आणि तोच धरून ठेवला. तो खोटं बोलला असता, 'मी डोळे फाडून बघत होतो, काही सुचलं नाही' म्हणाला असता, तर कदाचित लोकांनी एवढं मनावर घेतलं नसतं, असं मला अजून वाटतं.

आईनं थर्झाला निरोप पाठवला, घरी ये. थर्झा आली. आईनं दारातच विचारलं, "सामान कुठाय?"

"कसलं सामान?"

"त्याच्याकडे परत जाणार आहेस?"

"चुलीवर बटाटे ठेवलेत," थर्झा म्हणाली आणि गेली. तिला भांडायचं नव्हतं. नवऱ्याची बाजूही घ्यायची नव्हती. चुलीवर बटाटे होते, एवढंच. पण आईनं त्याचा अर्थ लावला आणि दार बंद केलं.

मी रविवारी चर्चनंतर वर जायची, आईला न सांगता. आईला कळत होतं, ती विचारत नव्हती. तिकडे घर स्वच्छ असायचं, जेवण वेळेवर असायचं. विल्फ आणि थर्झा एकमेकांशी भांडत नव्हते, रडत नव्हते. ते फक्त हवेबद्दल बोलायचे. तो पहाऱ्यावरून यायचा, टोपी काढायचा, म्हणायचा, "वारा फिरला, वायव्य." ती म्हणायची, "मग उद्या कोरडं राहील." झालं. एकदा तिनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं. तिनं तिचा कप संपवला. त्यानंही संपवला. मी पहिल्या घोटालाच थुंकले, तेव्हा कुठे तिनं कपात वाकून पाहिलं.

"बरं वाटत नाही का तुला?" मी विचारलं.

"बरं आहे की," ती म्हणाली. आणि खरंच तिला तसंच वाटत होतं, हीच तर भीती होती.

इकडे गावानं चौकीशी हळूहळू संबंध तोडला. चौकीवर पगारी माणसं थोडी. जहाज कड्याखालच्या खडकांवर चढलं तर नाव जवळ जाऊ शकत नाही, तिथं कड्यावरून अग्निबाणानं दोर फेकावा लागतो. जहाजावरचे लोक तो डोलकाठीला बांधतात, मग त्या दोरावरून कॅनव्हासची एक चड्डी कप्पीवर लटकवून पाठवायची, माणसानं तिच्यात पाय घालून बसायचं, आणि कड्यावरच्यांनी ओढून घ्यायचं. ओढायला भरपूर हात लागतात. ते हात गावचे असायचे, बिनपगारी. त्यांचा म्होरक्या जेबेझ डग्लबी, बाबांचा दोस्त. चौकशीनंतरच्या सरावाला तो चौकीत आला, दंडावरचा पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "समुद्रासाठी ओढला असता दोर. चौकीसाठी नाही ओढणार." मग एकेक करून सगळेच सुटले. वरून हुकूम आला, की गरज पडली तर शेजारच्या चौकीची तुकडी लॉरीनं येईल.

दोन हिवाळे तसेच गेले. कुणाला गरज पडली नाही.

एकोणसाठच्या डिसेंबरात, भर सकाळी, बर्फाची वावटळ चालू असताना लाकूड घेऊन चाललेलं एक डॅनिश जहाज उत्तर कड्याखाली खडकावर चढलं. बचावाची नाव गेली आणि दोनदा मागे फिरली. शेजारची लॉरी निघाली खरी, पण रस्ता बर्फानं बंद झालेला. कड्यावर विल्फ, त्याचा एक तरुण सोबती आणि चौकीच्या अधिकाऱ्याची बायको, एवढेच. त्यांनी बाण सोडला. दुसरा बाण जहाजावर पडला, दोर बांधलाही गेला. पण ओढणार कोण?

आम्ही बायका खाली बंदराजवळच्या शेडमध्ये शिंपले फोडून गळांना आमिष लावत होतो. आईच्या हाताखाली मीही तेच करायला लागले होते, बेकरी सोडून. दार उघडलं आणि थर्झा आत आली. अंगात एप्रन, डोक्यावर काही नाही, केसांत बर्फ. चौकशीपासून ती बंदरावर उतरली नव्हती.

ती म्हणाली, "वर दोर ओढायला माणसं हवीत. जहाजावर लोक आहेत."

आवाजात विनवणी नव्हती, रागही नव्हता. दुकानात मेणबत्त्या मागाव्यात तशी ती बोलली. कुणी उठलं नाही. सगळ्या आईकडे बघत होत्या, कारण त्या शेडमध्ये नाही म्हणायचा हक्क असेल तर तिचाच होता. आई शिंपला फोडत राहिली. थर्झानं जरा वाट पाहिली, वळली आणि चालायला लागली. तिच्या पाठोपाठ मी उठले. धाडस म्हणून नव्हे, तिच्या पायात घरातल्या चपला होत्या, तेवढंच मला दिसलं. माझ्यामागे दोघी-तिघी, मग सगळ्याच. आई सोडून.

बायका एप्रनवर कड्याकडे निघालेल्या बघून दारूच्या गुत्त्यातले पुरुष बाहेर आले. त्यांना लाज वाटली की कुतूहल, कोण जाणे. आम्ही दोराला हात घातला तेव्हा मागून जेबेझ डग्लबी आला, मला कोपरानं बाजूला सारून स्वतःच्या जुन्या जागी उभा राहिला आणि विल्फकडे न बघता म्हणाला, "दोर ढिला पडतोय तुझा. जहाज कलतंय, दिसत नाही का? आता घे म्हणालो की घे." विल्फ म्हणाला, "बरं." जवळजवळ तीन वर्षांनी त्यांच्यात झालेलं बोलणं ते एवढं.

एकेक माणूस येत गेला. जहाज आमच्याकडे कललं की दोर सैल पडायचा आणि चड्डीतला माणूस लाटेत बुडायचा, उलट कललं की दोर ताणून आमचे हात सोलायचा. म्हातारा आचारी आला, तो हसत होता आणि त्याला हसू थांबवता येत नव्हतं. दोन भाऊ आले. मग एक पोरगा आला, त्याला इतरांनी चड्डीत दोरीनं बांधून पाठवलं होतं. वर घेतला तर तो मेलेला होता. गारठून, जहाजावरच गेला असावा. त्यांनी त्याला मागे ठेवला नव्हता.

थर्झानं त्याच्या गाठी सोडल्या. त्याला बाजूला गवतावर नेलं, मांडीवर डोकं घेऊन बसली आणि त्याच्या भुवयांवरचा बर्फ बोटानं काढायला लागली. मी जवळ गेले.

"केझी," ती मला म्हणाली, "सायलस एवढाच होता ना?"

"थोडा मोठा."

"मला काही होत नाहीये," ती म्हणाली. "मी मघापासून बघतेय. काहीच होत नाहीये."

तिनं त्याचं डोकं अलगद खाली ठेवलं आणि परत दोराला जाऊन लागली, कारण कप्तान अजून यायचा होता. संध्याकाळी मी तिचे तळवे पाहिले, कातडी जागेवर नव्हती. मी ओरडले. तिनं हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "अरेच्चा."

वाचलेले लोक चौकीच्या सहा घरांत वाटून ठेवले. पोरगा थर्झाच्या स्वयंपाकघरात, टेबलावर. आता त्याला न्हाऊमाखू घालायला हवं होतं, आणि स्केल्बीत मेलेल्याला न्हाऊ घालायचं काम माझ्या आईचं होतं, तिच्या आईनंतर तिचंच. गावात कुणी मेलं की तिला बोलवायला लागायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कडा चढून वर आली. चौकीत तिनं पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. तिनं टोपी काढली, बाह्या सारल्या आणि थर्झाला म्हणाली, "गरम पाणी." मग थर्झाच्या हातांना बांधलेल्या चिंध्या बघितल्या. "तू राहू दे. तू फक्त त्याला धर."

त्या दोघींनी त्याला धुतलं. मी पाणी आणून देत होते. दोघी कामापुरतंच बोलत होत्या, हात उचल, इकडे वळव. केस विंचरताना आईचा हात थांबला. सायलसला तिला न्हाऊ घालता आलं नव्हतं, हे त्या खोलीत आम्हा तिघींनाही माहीत होतं. तिनं भांग पाडला, मग मोडला आणि दुसऱ्या बाजूनं पाडला. सायलस त्या बाजूनं पाडायचा.

बाहेर विल्फ भिंतीशी उभा होता. आई बाहेर आली तसा तो ताठ झाला. म्हणाला, "मिसेस कॅपलमन, त्या दिवशी मी थांबलो."

"माहीत आहे," आई म्हणाली. "चौकशीत बोललास की. मी बहिरी नाही."

"मला तुम्हाला सांगायचं होतं."

"सांगितलंस. आता पुन्हा सांगू नकोस." ती बाह्या खाली करत राहिली. "या घरात चहा मिळतो का, की तोही सरकारी परवानगीनं?"

विल्फ आत गेला आणि त्यानं स्वतः चहा केला. आई तो उभ्यानंच प्याली.

माफ केलं की नाही, हे मला सांगता येणार नाही. तिनं तो शब्द कधी वापरला नाही. मधूनमधून ती वर जायला लागली. विल्फशी ती हवेबद्दलच बोलायची, पण बोलायची. डॅनिश पोराचं नाव एस्किल होतं. त्याला आमच्याच दफनभूमीत, बाबांच्या पलीकडे पुरलं. आई जिवंत असेपर्यंत त्याच्या थडग्यावरचं गवत तीच काढायची. सायलसचं थडगं नव्हतंच, हे होतं. जेबेझनं दंडावरचा पट्टा परत मागितला. विल्फनं तो खणात जपून ठेवला होता.

थर्झाचं मात्र तसंच राहिलं. लोकांना वाटतं, की अशा दिवसानंतर माणूस मोकळं होतं. तिला एक मुलगी झाली, ती हौसेनं वाढवली, तिच्या लग्नात नाचलीसुद्धा. पण कधी विचारलं तर म्हणायची, हातावर झोपल्यावर हात जसा होतो ना, तसं आहे. दुखत नाही. आपलाच आहे हे माहीत असतं. पुढे बायकांनाही पहाऱ्यावर घ्यायला लागले तेव्हा तिनं अर्ज केला. विल्फ निवृत्त झाला आणि ती त्याच खिडकीत बसायला लागली. ती चांगली पहारेकरी होती, आळस नाही, गप्पा नाहीत. फक्त एक. धुकं उतरलं आणि एकही होडी बाहेर असली, की ती बचावाच्या नावेला बोलवायची. वाट बघायची नाही. नाववाले जेवण टाकून, बूट चढवून धावत यायचे, बाहेर जायचे, आणि होडीवाला आरामात पाइप ओढत परतताना भेटायचा. असं वर्षातून कितीदा तरी व्हायचं. गावात फुकटच्या धावपळीला 'थर्झाचं धुकं' म्हणायला लागले. लग्नाला नवरी वेळेवर आली आणि उगाच घाबरलो, की थर्झाचं धुकं. दूध उतू जाईल म्हणून पळालो आणि गॅस बंदच होता, की थर्झाचं धुकं. आज ज्या पोरांना थर्झा कोण हे ठाऊक नाही, तीही म्हणतात. पण तिनं बोलवणं थांबवावं, असं तिच्या तोंडावर कुणी म्हणालं नाही. जेबेझचा मुलगा तेव्हा नावेचा प्रमुख होता. वरून कुणीतरी चौकशीला आलं, इतक्या खोट्या हाका का, म्हणून. तो म्हणाला, "कसल्या खोट्या? धुकं होतं की."

विल्फ झोपेतच गेला, एका उन्हाळ्यात. थर्झानं त्याला स्वतः न्हाऊ घातलं. आई तोवर राहिली नव्हती.

मग सरकारनं ठरवलं, की खिडकीत बसून समुद्र बघायला माणूस लागत नाही. रेडिओ आहे, लांबच्या शहरात बसून सगळं कळतं. शेवटच्या दिवशी एक तरुण अधिकारी किल्ल्या घ्यायला आला. भला होता. त्यानं थर्झाला विचारलं, की तुम्हाला इथं थोडा वेळ एकटं थांबायचं आहे का, मी बाहेर उभा राहतो.

"कशाला?" थर्झा म्हणाली. "वरची बस वेळेवर येते का हल्ली?"

येते, तो म्हणाला. मी तिला न्यायला आले होते, ती आता माझ्याकडेच राहणार होती. आम्ही थांब्यावर उभ्या राहिलो, बस आली, बसलो. चौकी मागे पडली तेव्हा तिनं वळून पाहिलं नाही, आणि मुद्दाम टाळलं असंही नाही. ती समोरच्या बाईच्या पिशवीतली कोबी बघत होती.

"वाईट वाटतंय का?" मी शेवटी विचारलं.

तिनं खरोखर विचार केला, आत कुठे काही हलतंय का ते बघितल्यासारखा.

"पाय दुखतायत," ती म्हणाली.

शुक्रवार होता. बाजाराच्या थांब्यावर उतरून आम्ही दोघींपुरता हॅडॉक मासा घेतला आणि घरी आलो.